चकली छान झाली म्हणून लगेच दुकान काढायचं का?

सांगलीहून, विश्रामबागेतून एका मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालीये म्हणून नाव नाही. पत्र थोडं कापून देतेय, मजकूर तिचाच आहे.

"मावशी, माझं वय ३९. घरात मिस्टर, सासूबाई, मुलगा नववीत आणि मुलगी चौथीत. मला पहिल्यापासून हाताने काही ना काही करत बसायला आवडतं, फराळ, भडंग, उन्हाळ्यात कुरडया, जुन्या साड्यांच्या पिशव्या, आकाशकंदील, काहीही. गेल्या वर्षी चकलीचा फोटो स्टेटसला टाकला आणि सगळे मागेच लागले की ऑर्डर घे ऑर्डर घे. मुलाने इन्स्टावर पेज काढून दिलं. मिस्टर म्हणाले एवढा वेळ घालवतेस तर चार पैसे तरी येऊ देत. म्हणून या दिवाळीला १४ किलो चकली केली, ३८० रुपये किलोने, कारण आमच्या इथल्या दुकानात तोच भाव होता. सामान, तेल, गॅस, दळण, डबे धरून किलोला २१० खर्च आला. आठवडाभर रोज रात्री दहा ते एक तळत होते. मग सोसायटीतल्या एका बाईंनी ग्रुपवर टाकलं की चकल्या तिसऱ्या दिवशी मऊ पडल्या. सगळ्यांनी वाचलं. त्याच दिवशी लेक म्हणाली, आई आपल्या करंज्या कधी करायच्या, आणि मी तिच्यावर खेकसले. या वर्षी घरात करंजी झालीच नाही, कंदीलही विकतचा. सासूबाई म्हणतात सगळं बाजारात मिळतं, कशाला गॅस जाळायचा, आणि त्याच पूर्वी संक्रांतीला अख्ख्या वाड्याला पुरेल एवढा हलवा घरी करायच्या. जाऊबाईंचा मसाल्यांचा बिझनेस मस्त चाललाय, त्यांच्यापुढे मी अगदीच ही वाटते. आता कढई बघितली तरी नको होतं. ऑर्डरी चालू ठेवू का बंद करू? आणि जाऊबाईंनी त्यांच्या भाचीच्या लग्नाचं रुखवत मीच करणार असं मला न विचारता सांगून टाकलंय, लग्न फेब्रुवारीत आहे. नाही कसं म्हणू?"

अगं, उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. ऑर्डरी बंद कर. पुढच्या दिवाळीपर्यंत तरी बंदच. पेज डिलीट करायची काही गरज नाही, लेकाने हौसेने काढून दिलंय, त्यावर फक्त एवढंच टाक की सध्या ऑर्डर घेत नाही. कारण लिहू नकोस. कारण लिहिलं की लोक लगेच त्यावर तोडगा काढून देतात, मग मदतीला बाई ठेव ना, मग मशीन घे ना, आणि तू परत अडकतेस.

आता मिस्टर. त्यांच्याशी भांडू नकोस, ते काही वाईट बोलले नाहीत, आपल्याकडे बायकांच्या वेळेला भाव नसतो एवढंच. तू एक कागद घे आणि त्यांच्यासमोर बसून हिशोब मांड. ३८० मधून २१० गेले, राहिले १७०. गुणिले १४ म्हणजे २३८० रुपये. आता तास धर. रोज तीन तास गुणिले सात रात्री, झाले २१. शिवाय तांदूळ आणि डाळी धुवून सावलीत वाळवणं, एकेक वेगळं भाजणं, गिरणीत जाऊन नंबर लावणं, डबे आणणं, वजन करून भरणं, कुणी आठला येते म्हणून साडेनऊला येतं त्यांची वाट बघत बसणं, हे सगळं कमीत कमी बारा-तेरा तास. म्हणजे ३४ तासांचे २३८०, तासाला ७० रुपये. तेही रात्रीचे, झोप मोडून, तेलाच्या धगीसमोर उभं राहून. यावर त्यांना काय वाटतं ते त्यांनाच सांगू दे, तू काही बोलू नकोस. हिशोब कागदावर दिसला की माणसं जरा वेगळी वागतात, निदान "चार पैसे" हा शब्द तरी परत काढत नाहीत.

पैसे मिळवू नकोस असं मी म्हणत नाहीये हां. बाईच्या हातात स्वतःचे पैसे असलेच पाहिजेत. पण विकायचंच असेल तर मग ते काम आहे, आणि काम कामासारखं करायचं. दुकानाचा भाव बघून आपला भाव ठरवायचा नाही, दुकानदार पोत्याने डाळ घेतो आणि त्याच्याकडे तळायला माणसं असतात, तू किराणा दुकानातून दोन-दोन किलोने घेतेस आणि तळणारं माणूस एकच. आधी स्वतःची मजुरी धरायची, मग भाव सांगायचा, महाग वाटलं तर समोरच्याने दुकानातून आणावं. पैसे आधी घ्यायचे. अमुक तारखेला यादी बंद म्हणजे बंद. आणि घरून विकलं तरी अन्न विकायचं म्हटलं की एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते, ते आधी उरकायचं. हे सगळं करायची आज तुझी तयारी आहे का? पत्रावरून तर नाही वाटत. नसली तर नसू दे की.

जाऊबाईंचं मनात आणूच नकोस. मसाल्याचं गणितच वेगळं आहे. मिरची-धणे एकदा भाजून डंकावर नेले की एका दिवसात कितीतरी किलो होतो, कोरडा असतो, नीट ठेवला तर वर्षभर जातो, आज नाही विकला तर पुढच्या महिन्यात विकतो. चकली प्रत्येक हाताने पाडायची, प्रत्येक घाणा उभं राहून तळायचा, आणि गिऱ्हाईक सगळं एकाच आठवड्यात येणार, ज्या आठवड्यात तुझ्या स्वतःच्या घरातही दिवाळी असणार. कितीही हुशार बाई बसवली तरी ती रडकुंडीलाच येईल. तुझ्यात काही कमी नाही, तू फक्त चुकीच्या पदार्थाची ऑर्डर घेतलीस.

चकली मऊ का पडली तेही सांगते, नाहीतर तुला आयुष्यभर वाटत राहील की आपला हात गेला. तुझी भाजणी बरोबरच असणार, किलोभर तांदळाला अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, मूठभर पोहे, धणे-जिरं, थोड्याफार फरकाने सगळ्यांची हीच. गडबड तळण्यात झाली असणार. रात्रीचे साडेबारा वाजलेत, अजून किलोभर पीठ आहे, मग माणूस काय करतं, गॅस मोठा करतं. चकली बाहेरून पटकन लाल होते, आत ओल राहते, आणि ती ओल दोन दिवसांत बाहेर येते. चकली टाकल्यावर तेलाला जो फेस येतो तो फेस म्हणजे पिठातलं पाणी जात असतं, फेस जवळजवळ बसला आणि आवाज कमी झाला की मगच काढायची, रंगावर जायचं नाही. दुसरं म्हणजे तू लिहिलंयस की तळून झालं की लगेच डबे भरून झोपायचीस. कोमट चकली डब्यात गेली की वाफ आतच राहते. रात्रभर कागदावर पसरून, वरून नुसता कपडा टाकून ठेवायची आणि सकाळी भरायची. घरच्या चकलीला हे सगळं आपोआप होतं कारण घरी आपण निवांत तळतो आणि मधेमधे पोरं गरमच उचलून नेतात.

त्या ग्रुपवाल्या बाईंचं काय करायचं? त्यांचे पैसे परत दे. सगळे दे. ग्रुपवर काही लिहू नकोस, त्यांच्या दारात जा, म्हण की काकू तुमच्या चकल्या मऊ निघाल्या, हे पैसे, सॉरी. एवढंच बोलून परत ये. चहा घे म्हणाल्या तर घे. त्या स्वतःच ग्रुपवर काहीतरी बरं लिहितील, नाही लिहिलं तरी बिघडत नाही, सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवसांनी पाण्याच्या टाकीचा विषय निघतोच.

आणि विकतच्या कंदिलाचं एवढं काय मनाला लावून घेतेस? मी साताऱ्यात राहते. आमचं गाव कशासाठी ओळखलं जातं तर कंदी पेढ्यासाठी, खवा लालसर होईपर्यंत परतलेला, साखर बेताची, खाताना जरा रवाळ लागतो. आता हा एवढा आमचा पेढा, पण आमच्या आळीत एकही बाई तो घरी करत नाही. पाहुणे निघाले की आम्ही सरळ दुकानात जातो, अर्धा किलोचा बॉक्स आणतो आणि अभिमानाने देतो. कुणालाही कधी असं वाटलं नाही की आपण आळशी आहोत म्हणून. घरी तेच करायचं जे करताना आपल्याला मजा येते, बाकीच्यासाठी दुकानं आहेत आणि दुकानदारांनाही पोटं आहेत.

आता सासूबाई. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुझ्या पत्रात तू एक वाक्य सहज लिहून गेलीस आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. "त्याच पूर्वी अख्ख्या वाड्याला पुरेल एवढा हलवा घरी करायच्या." आणि आता त्याच म्हणतात कशाला गॅस जाळायचा. तुला हे टोचतं, तुला वाटतं त्या तुझ्या आवडीला नावं ठेवतात. मला काय वाटतं सांगू? त्यांना कधी कुणी विचारलंच नसेल की तुम्हाला करायचंय का. त्या पिढीत दिवाळी आली की पत्र्याचे डबेच्या डबे भरायचे, चुलीपुढे नाहीतर स्टोव्हपुढे बसून, आल्यागेल्याला, नोकराचाकराला, माहेरवाशिणीला, सगळ्यांना पुरलं पाहिजे. आवडतं का हा प्रश्नच नव्हता. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालून त्यांच्या पाठीचा काटा ढिला झालेला. अशा बाईला आता बाजारात सगळं मिळतंय म्हणजे सुटका झाल्यासारखं वाटत असणार, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे तू रात्री एकला कढईसमोर उभी, परत तेच. गॅस जाळू नको म्हणजे त्यांच्या भाषेत "पोरी झोप आता" असंही असू शकेल. आपल्याकडच्या सासवा सरळ झोप म्हणतच नाहीत ना, त्या गॅसवरच घसरतात.

मी चुकतही असेन, तू त्यांना ओळखतेस, मी नाही. पण एक करून बघ. त्यांना चकलीबद्दल काही विचारू नकोस, हलव्याबद्दल विचार. आत्ता डिसेंबर आहे, जानेवारीच्या मध्यावर संक्रांत, म्हणजे वेळ अगदी बरोबर आहे, कारण हलव्याला थंडी लागते. दुपारी त्या लसूण सोलत नाहीतर टीव्ही बघत बसल्या असतील तेव्हा सहज म्हण, आई तुम्ही तो काट्याचा हलवा कसा करायच्या हो. आणि मग गप्प बस. लिहून घेऊ नकोस, व्हिडिओ तर मुळीच काढू नकोस, नुसतं ऐक.

ज्यांनी कधी केला नाही त्यांच्यासाठी सांगते, हलवा म्हणजे संयमाची हद्द आहे. मूठभरच तीळ घ्यायचे, जास्त नाही, खसखस किंवा साबुदाणाही चालतो, लवंगेचाही करतात. जाड बुडाची पसरट कढई किंवा पितळी परात, अगदी मंद आच. साखरेचा एकतारी पाक, त्यात चमचाभर दूध घालून मळी काढायची म्हणजे हलवा पांढराशुभ्र होतो. मग कढईतल्या तिळावर एक चमचा पाक, एकच, आणि बोटांच्या टोकांनी ते तीळ गोल गोल फिरवत राहायचं. पाक सुकतो, दाण्यांचा आवाज बदलतो, सुरुवातीला चिकट चिकट असतो तो सुटा खळखळ वाजायला लागतो. मग दुसरा चमचा. परत फिरवायचं. पहिले कितीतरी चमचे काहीच दिसत नाही, नुसता पांढरा थर येतो, माणसाला वाटतं जाऊ दे, आपल्याला नाही येत. आणि मग कधीतरी दाण्यावर बारीक टोकं दिसायला लागतात. आच जरा जास्त झाली की ती टोकं विरघळतात, पाक एकदम जास्त पडला की गोळा होतो, फार घट्ट झाला की खाली भुकटी जमते, ती चाळून टाकायची. आज अर्धा तास, उद्या सकाळी अर्धा तास, असं चार-पाच दिवस केलं तरी चालतं, हलवा रुसत नाही. तुला जे पाहिजे ते नेमकं यात आहे बघ, कुणी डेडलाइन दिलेली नाही, किलोचा हिशोब नाही, मूठभर तिळाचा वाटीभर हलवा.

यात सासूबाईंनी खुर्चीत बसून फक्त सांगायचं, आच कमी कर, आता घाल चमचा, आता थांब. तू फिरवणार. बोटं भाजतात म्हणून लेकीला कढईत हात घालू देऊ नकोस, तिच्याकडे पाकाचा चमचा दे, तिच्याएवढं मोजून मापून कुणी घालणार नाही. आणि हलवा झाला की तिचं खरं काम. काळा कागद नाहीतर कार्डशीटवर काळ्या कापडाचा तुकडा, दोरा, कात्री, आणि हलव्याचे दागिने, बांगडी, बाजूबंद, मुकुट, जे सुचेल ते. वाकडे झाले तर वाकडे. सोसायटीत कुणाचं तरी पहिलं-दुसरं वर्ष असलेलं बाळ असणारच, त्याच्या बोरन्हाणाला लेकीने स्वतः केलेला मुकुट नेऊन दिला की ती आठ दिवस हवेत असेल. फोटो काढ, पण स्टेटसला टाकू नकोस गं बाई. टाकलास की संध्याकाळपर्यंत तीन जणी विचारतील, दागिन्यांच्या ऑर्डरी घेतेस का.

लेकीवर खेकसलीस त्याचं काय, असं तू सरळ विचारलं नाहीस पण पत्रभर तेच आहे. चौथीतली पोर आहे, तिला सरळ सॉरी म्हण, मी दमले होते, तुझं काही चुकलं नव्हतं. आणि करंजीला दिवाळीच लागते असं कुठे लिहिलंय? येत्या रविवारी करा. पण दहाच. मी मुद्दाम दहा म्हणतेय, कारण तुझा हात किलोत गेलाय, तू म्हणशील करतोच आहोत तर थोड्या जास्त करू, आणि संपलं.

दहा करंज्यांना अर्धी वाटी बारीक रवा आणि अर्धी वाटी मैदा बास, त्यात चांगला कडकडीत चमचाभर तुपाचं मोहन, दुधात घट्ट भिजवून तासभर झाकून ठेव. सारण सुक्या खोबऱ्याचं, किसून मंद भाजलेलं, पिठीसाखर, खसखस, वेलची. तुझ्या सांगलीत तासगावचा बेदाणा मिळतो, आम्ही इकडून मागवतो, तर प्रत्येक करंजीत दोन बेदाणे घालायचं काम लेकीचं. जास्त नको, आणि सारणही चमचाभरच, पोट फुगलेली करंजी तेलात फुटते आणि सगळं तेल खराब करते. कडेला दुधाचं बोट फिरवून दाबून घ्यायचं. यानंतर कातणं बाजूला ठेव आणि तिला मुरड घालायला शिकव. कडेचा एक कोपरा अंगठ्याने आत दुमडायचा, दाबायचा, त्याच्या अर्ध्यावर परत दुमडायचा, परत दाबायचा, असं या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिली फाटेल, दुसरी जाड येईल. तिसऱ्या-चौथीला तिच्या बोटांना ते कळतं, आणि मग ती तुला हात लावू देणार नाही. तिच्या करंज्या वेगळ्या ओळखू येतील अशा तळ, आणि डब्यात वेगळ्या ठेव. मुलगा नववीत आहे, त्याला म्हणावं अभ्यास झाला की कढई आणि परात घासायची. तुला पेज काढून देता येतं तर परातही घासता येते.

तू विचारलं नाहीस तरी एक सुचवते, पटलं तर बघ, नाहीतर सोडून दे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आपण सगळ्या प्लॅस्टिकच्या डब्या नि गाळण्या वाटतो, ज्या कुणाच्या घरात ठेवायला जागा नसते. तुझ्याकडे जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायची हौस आहे. तळहाताएवढ्या पिशव्या शिव आणि प्रत्येकीत तुमच्याकडचीच हळद भर. अगं सांगलीची हळद म्हणजे साधी गोष्ट नाही, २०१८ साली तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, सांगलीशेजारच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत ती साठवायचे, आणि आपण मात्र हळदीकुंकवाला बोटभर लावण्यापुरती काढतो. तुझ्या पंधरा-वीस मैत्रिणी असतील तेवढ्याच पिशव्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही हळदीकुंकू करता येतं, त्यामुळे १४ जानेवारीला झालंच पाहिजे असंही नाही. जमल्या तर जमल्या, नाही जमल्या तर गाळणी आहेच.

आणि समजा हे काहीच करावंसं वाटलं नाही? पत्रात तू म्हणालीस कढई बघितली तरी नको होतं. मग महिनाभर कढई वरच्या फळीवर ठेव. नुसतं भडंग कर. त्याला तळण नाही, उभं राहणं नाही. तुम्हा सांगलीकरांना काय शिकवायचं, पण इतर वाचताहेत म्हणून सांगते, भडंगाचे चुरमुरे आधी कोरडेच गरम करून कुरकुरीत करायचे, तेलात सालासकट ठेचलेला लसूण आणि शेंगदाणे खरपूस होऊ द्यायचे, कढीपत्ता, हिंग, हळद, आणि गॅस बंद करून मगच तिखट घालायचं म्हणजे ते करपत नाही, मीठ, चिमूटभर पिठीसाखर, आणि चुरमुरे घालून हलक्या हाताने कालवायचं. वीस मिनिटांत डबा भरतो, आणि संध्याकाळी कांदा चिरून सगळे एकत्र बसलात की दुसरं काही लागत नाही. तेही नको वाटलं तर तेही करू नकोस. हौस आहे ती, ड्युटी नाही, तिला हजेरी लावायला लागत नाही. एखादं वर्ष ती आली नाही म्हणून ती गेली असं होत नाही.

राहिलं रुखवत. तुझी खरी अडचण हीच आहे, बरोबर? चकलीचं तू स्वतः ठरवू शकतेस, पण जाऊबाई म्हणजे घरचा मामला, तिथे नाही म्हटलं की पुढच्या गणपतीपर्यंत ऐकून घ्यायला लागतं. तरीही नाहीच म्हणायचं आहे, आणि आत्ताच म्हणायचं आहे, जानेवारीत म्हटलंस तर त्यांना दुसरं कुणी मिळणार नाही आणि मग दोष खरोखर तुझ्याकडे येईल. फोन करू नकोस, फोनवर तू विरघळशील. मेसेज टाक, हा घे आयता देते:

"ताई, रुखवताचं माझ्यावर सोपवलंत, बरं वाटलं. पण सगळं रुखवत मला जमणार नाही, दिवाळीत फार ताण झाला आणि पुढे दोघांच्याही परीक्षा आहेत. माझ्याकडून एक ताट नक्की, हलव्याच्या दागिन्यांचं, भाचीसाठी माझ्या हातचं. ते लग्नाच्या आठ दिवस आधी आणून देते. बाकीच्यासाठी आत्ताच कुणाला तरी सांगून ठेवा म्हणजे तुमची धावपळ होणार नाही."

यातलं ताटाचं वाक्य तुला मनापासून करावंसं वाटत असेल तरच ठेव, नाहीतर ते काढून टाक, उरलेला मेसेज तसाही पूर्ण आहे. ताट करणार असशील तर वर सांगितलेला हलवा थोडा जास्त कर, चांगला वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवला तर फेब्रुवारीपर्यंत सहज राहतो, फक्त बरणीत ओला हात जाऊ देऊ नकोस. आणि त्यांनी "बरं मग निदान लाडवांचं तरी बघ" असं उलट लिहिलं तर त्याच मेसेजमधलं पहिलं वाक्य सोडून बाकीचं परत पाठव.